कानाच्या यंत्राची टिंग-टिंग, मधेच वाजणारी धून आणि शिट्टी: कुठला आवाज कशाचा?

पेडण्याची सून

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन्ही कानांना कानामागे बसणारी, मोल्डवाली (नळीला जोडलेला, कानाच्या मापाचा साचा असलेली) यंत्रं आहेत. सेल १३ नंबरचा, केशरी टिकलीचा (वरच्या चिकट कागदाचा). पाऊस लागल्यापासून तीन तऱ्हेचे आवाज येतात. एक, मधेच 'टिंग-टिंग'. दोन, सकाळी यंत्र चालू करताना वाजते तीच धून, पण दिवसातून तीन-चार वेळा आपोआप. तीन, बारीक शिट्टी. ती घरात सगळ्यांना ऐकू येते, त्यांना मात्र नाही. नवा सेलही पाचव्या दिवशी टिंग-टिंग करू लागतो. माहितीपुस्तिका हरवली आहे. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) न्यायचं तर अख्खा दिवस मोडतो, म्हणून आधी घरी काय तपासता येईल ते सांगा.

फोंडा_श्रवण

ताई, आवाज कोणाला ऐकू येतो ते आधी बघायचं. सूचनेचा आवाज यंत्र स्वतः काढतं आणि नळीतून थेट कानात सोडतं, म्हणून तो फक्त घालणाऱ्याला येतो. शेजारी बसलेल्याला येते ती शिट्टी, आणि ती सूचना नव्हेच. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर पडतो, परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढतो, असं ते चक्र असतं. वयोमानाने ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे शिट्टी त्यांना कळणार नाही, लक्ष घरातल्यांनीच ठेवायचं.

टिंग-टिंगचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, पण ओळखायची रीत एकच: ती वाजल्यानंतर काय होतं? आवाजाचा बाज बदलला तर बटण दाबलं गेलं. बऱ्याच यंत्रांत प्रोग्रॅमच्या (आधीच भरून ठेवलेल्या आवाजाच्या मांडणीच्या) क्रमांकाइतके बीप वाजतात, म्हणजे दोन बीप झाले तर दुसरा प्रोग्रॅम. चष्म्याची काडी काढताना किंवा डोक्यावरून पदर घेताना बटण सहज दाबलं जातं. बोलणं एकदम नाहीसं होऊन नुसती घरघर उरली, तर टेलिकॉइलचा (माइकऐवजी चुंबकीय लहरी पकडणाऱ्या गुंडाळीचा) प्रोग्रॅम लागला असेल. त्यात माइक बंद असू शकतो आणि जवळच्या ट्यूबलाइटचा, इन्व्हर्टरचा गुंजारव ऐकू येतो. यंत्र बंद करून चालू केलं की सहसा पहिल्या प्रोग्रॅमवर येतं.

काहीच बदललं नाही आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच वाजलं, तर सेल संपत आलाय. त्यानंतर यंत्र किती चालेल ते मॉडेलवर आहे. कुठे काही मिनिटं, कुठे तासाभराच्या वर. अशा झिंक-एअर (हवेवर चालणाऱ्या) सेलचा विजेचा दाब शेवटपर्यंत जवळपास सारखा राहतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून पहिल्या इशाऱ्यालाच सेल बदलायचा.

मडगाव_दुरुस्ती

धुनीबद्दल. चालू होतानाची धून दुपारी आपोआप वाजली, याचा अर्थ यंत्र क्षणभर बंद पडून पुन्हा चालू झालं. वीज तुटतेय. अशा वेळी बहुतेक दोष सेलच्या दारात सापडतो. दार उघडून उजेडात, भिंग घेऊन बघा: आत केसासारख्या दोन बारीक पट्ट्या असतात, त्यांच्यावर पांढरी भुकटी किंवा हिरवट डाग आहे का? आपल्याकडे पावसाळी दमट हवा, घाम आणि किनाऱ्याचं खारं वारं, तिन्ही मिळून तिथे गंज चढतो. कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. पाणी नको, सुई नको, पट्टी वाकवू नका. दाराची बिजागरी सैल झाली असेल तर मान वळवतानाही सेल हलतो. ते घरी होणार नाही, दार बदलून घ्यावं लागतं.

सेल पाचव्या दिवशी का बसतो? १३ नंबरचा सेल दिवसभर वापरात साधारण आठ ते चौदा दिवस जातो. यंत्र जास्त शक्तीचं असेल किंवा मोबाइलचा आवाज त्यात घेत असाल तर कमी. हा सेल छिद्रांतून हवा घेऊन चालतो. टिकली काढल्यावर छिद्रं वर ठेवून तीन ते पाच मिनिटं थांबा, मगच घाला. लगेच घालून दार लावलं तर दाब पुरता चढत नाही आणि नव्या सेलवरही इशारा वाजतो. दमट हवेत सेलमधलं अल्कली हवेतला ओलावा ओढतं आणि सेल वेळेआधी बसतो. टिकली पुन्हा चिकटवून फारसा फायदा नाही. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका, बाहेर काढताच त्यावर दव धरतं. पाकिटावरची मुदतही वाचून घ्या.

पेडण्याची सून

डाव्या यंत्राच्या पट्टीवर हिरवट डाग आहे, आणि धूनही डाव्या कानातच वाजते. टिंग-टिंग दोन्हीकडे आहे. शिट्टीचं कसं शोधू? आणि ही टिंग-टिंग बंदच करता येते का? त्या फार दचकतात.

फोंडा_श्रवण

शिट्टीसाठी: मोल्ड कानाबाहेर काढा, यंत्र चालूच ठेवा, आवाज सोडणारं भोक बोटाने घट्ट दाबा. शिट्टी थांबली तर यंत्र आणि नळी ठीक. मग दोष कानातल्या बसण्यात: मोल्ड नीट बसलेला नाही, सैल झालाय किंवा कानात मळ आहे. मळ डॉक्टरांकडूनच काढा. भोक दाबूनही शिट्टी येत राहिली तर नळीला भेग आहे किंवा ती कडक होऊन सांध्यावर सुटतेय. मऊ नळी दर तीन ते सहा महिन्यांनी बदलायची असते. मोल्ड वेगळा काढून हुकाचं (कानावर अडकणाऱ्या वाकड्या भागाचं) तोंड दाबलं तरी शिट्टी येते? मग दोष हुकाला किंवा यंत्राच्या आत, ते दुरुस्तीलाच द्या.

सूचना बंद करता येते, पण करू नका. सेल संपल्याचं त्यांना कळणारच नाही, आणि घरातले समजतील की आजी लक्ष देत नाहीत. प्रोग्रॅमिंगच्या वेळी बीपची पट्टी आणि जोर बऱ्याच यंत्रांत बदलता येतो, तेव्हा 'खालच्या पट्टीत, हळू करा' असं सांगा. उंच पट्टी ऐकू न येणाऱ्यांना तर खालचा बीपच नीट कळतो.

डिचोली_आधार

नळीत पाण्याचे थेंब दिसले तर मोल्ड हुकापासून काढून रबरी फुंकणीने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, श्वासाची वाफ आत जाते. रात्री सेल काढून, दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. सेल त्या डबीत नको, तो सुकतो. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. तांदळात पुरणं, हेअर ड्रायर, चुलीजवळची ऊब, यांतलं काही नको.

काढलेला सेल औषधाच्या गोळ्यांच्या डबीजवळ कधीच ठेवू नका, कमी दिसणाऱ्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात. गिळला गेला तर तडक इस्पितळ गाठायचं.

मडगाव_दुरुस्ती

ब्रश मारून पट्टीवरचा हिरवा डाग गेला नाही तर जास्त घासू नका, वरचा मुलामा जातो. यंत्र दाखवायला नेताना दोन्ही यंत्रं, मोल्ड आणि उघडलेलं सेलचं पाकीट बरोबर घ्या. कुठल्या कानात, किती वाजता, कुठला आवाज, हे चार दिवस कागदावर टिपलंत तर दोष पहिल्याच फेरीत सापडायची शक्यता खूप वाढते.