बाल्कनीतली शेती: पोटापुरती की फोटोपुरती?

तळमजला
सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणाच्या तरी चार टोमॅटोंचा फोटो येतो आणि खाली 'आता बाजाराची गरजच नाही!' हौस म्हणून हव्या तेवढ्या कुंड्या लावा, माझी ना नाही. पण त्याला 'अन्न पिकवणं' म्हणू नका. किलोभर टोमॅटोत जेमतेम 200 कॅलरी, माणसाला दिवसाला लागतात 2000 च्या आसपास. तांदूळ, डाळ, तेल, पोटाला आधार देणारं सगळं शेतातूनच येणार. ग्रो बॅग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत ऑनलाइन मागवायचं, लिफ्टने वर चढवायचं आणि मग शेतकऱ्यांना शहाणपण शिकवायचं. भाजी थोडी महागली की बोंब मारणारेही हेच.

कढीपत्ता_फुकट
असहमत. टोमॅटो कॅलरीसाठी कोण खातं हो? कोथिंबिरीची जुडी आणली की दोन चिमटी आमटीत पडते, बाकीची फ्रीजमध्ये काळी होते. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरची या चिमूटभर लागणाऱ्या गोष्टी कुंडीतच परवडतात. लागेल तेवढं तोडा, उरलेलं झाडावर ताजं राहतं.

आणि मेथीला खर्च काय येतो? डब्यातले दाणे रात्री भिजवायचे, मासळीवाल्याकडच्या थर्माकोलच्या खोक्याला खाली भोकं पाडून त्यात दाट पसरायचे, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. तीन-चार आठवड्यांत भाजी. उपटू नका, कात्रीने वरून कापा, पुन्हा एकदा फुटते.

पागोळी
उन्हाचं कुणी बोलतच नाही! मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे आमच्या दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा थेट ऊन जवळपास नाहीच, त्यात पावसाळी आभाळ. मिरचीला फुलं येतात आणि गळतात. डिसेंबरात मात्र ऊन पार हॉलमधल्या सोफ्यापर्यंत. म्हणून टोमॅटो, वांगी दसऱ्यानंतर फळतील अशा बेताने लावते. पावसाळ्यात अळू आणि पुदिना, त्यांना सावली चालते. खत बदलत बसणाऱ्यांनी आधी ऊन कुठून येतं ते बघावं.

तळमजला
बघा, म्हणजे वर्षातले काही महिने, तेही बाल्कनी असेल तर. आमच्याकडे बिल्डरने ती हॉलमध्येच घेऊन टाकली. खिडकीच्या ग्रिलमध्ये काय, ऊस लावू?

ओळंबा
गच्चीवर वाफे घालायचं मनात असणाऱ्यांसाठी, व्यवसायाने स्ट्रक्चरवाला म्हणून सांगतो. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी वापराचा, म्हणजे माणसं-सामानाचा भार साधारण चौरस मीटरला 150 किलो धरतात. तेवढ्याच जागेत फूटभर ओली माती पाचशे किलोंच्या घरात जाते. इमारत तीस वर्षं जुनी असेल तर बोलायलाच नको. वॉटरप्रूफिंग गेलं की वरच्या मजल्याचं छत गळतं, आणि मग जनरल बॉडीत काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय.

कढीपत्ता_फुकट
@ओळंबा, पण फूटभर माती घालतं कोण? उसाचं चिपाड, पालापाचोळा, ओला कचरा कुजवून भरा, माती नावापुरती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं वाढवली, श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराची, म्हणजे स्वतः प्रयोग करून एकमेकांना शिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या जाळ्याची वाट धरून. कचरा जिन्याखाली उतरत नाही, हा फायदा तुमच्या कॅलरीच्या हिशेबात कुठे धरलाय?

ओळंबा
चिपाडही भिजल्यावर जड होतं. पण मातीपेक्षा बरंच हलकं, हे मान्य. वाफे भिंतीवर किंवा बीमवर येतील असे ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. आणि आधी इमारत कुणाला तरी दाखवा.

मधला_मजला
सगळे वरून बोलताय, मी खालची. वरच्या काकूंच्या कुंड्यांचं तांबडं पाणी आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर येतं. सांगितलं की म्हणतात, 'अगं, नैसर्गिक आहे ते!' कुंड्यांखालच्या बश्यांत पाणी साचतं ते वेगळंच. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा बश्या घासून कोरड्या करा, एवढंच मागणं आहे. भांडावं तर दर रविवारी वाटीभर मिरच्या पाठवतात.

तळमजला
मग आधी मिरच्या घेणं बंद करा.

मधला_मजला
का म्हणून? ठेच्याला बाजारात अशा मिळत नाहीत.