मदत हवी आहे : खांदेरी बेटावरील दोन दिवसांची हौशी रेडिओ मोहीम – अँटेना, वीज आणि परवानग्या

नमस्कार.

आम्ही पाच-सहा परवानाधारक हॅम (हौशी रेडिओचालक) येत्या हिवाळ्यातील एका शनिवार-रविवारी अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरून एचएफ (दूरवर पोहोचणाऱ्या लघुलहरींचे) केंद्र चालवण्याची तयारी करत आहोत. ज्यांनी बेटावरून किंवा जलदुर्गावरून असे केंद्र चालवले आहे, तसेच ज्यांना थळच्या किनाऱ्याची चांगली माहिती आहे, अशा दोघांचेही मार्गदर्शन हवे आहे.

हिवाळाच का, हे आधी सांगतो. जगभरचे हॅम बेटांशी संपर्क साधण्याचा जो ‘आयोटा’ कार्यक्रम १९६४ पासून चालवत आले आहेत, त्याची स्पर्धा जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी असते, आणि दीपगृहांचा आंतरराष्ट्रीय सप्ताहान्त ऑगस्टमध्ये येतो. खांदेरीवर १८६७ सालचे दीपगृह असल्यामुळे हे दोन्ही मुहूर्त तिला शोभले असते. परंतु त्या दिवसांत कोकणात होड्या शाकारलेल्या असतात आणि मासेमारीही ३१ जुलैपर्यंत बंद असते. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरची बेटे नेमकी त्याच वेळी मुकी राहतात, याची मला मनापासून खंत वाटते. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांचा विरोध मोडून बांधायला घेतलेला हा दुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे. त्याचे नाव जपान आणि युरोपमधील चालकांच्या लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) उतरावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

पहिला आणि सर्वांत अवघड प्रश्न अँटेनाचा आहे. २० आणि ४० मीटर या दोन बँडसाठी (तरंगलांबीच्या पट्ट्यांसाठी) अनुक्रमे सुमारे ५ आणि १० मीटर उंचीच्या पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेना नेण्याचे ठरले आहे. समुद्राचे पाणी साध्या जमिनीच्या सुमारे हजारपट चांगले वाहक असल्यामुळे उभी अँटेना पाण्याला लागून असली, तर क्षितिजालगतच्या कोनात तिचे प्रसारण फार सुधारते. तटाच्या आत, बेसॉल्टच्या खडकावर तीच अँटेना उभी केली, तर हा लाभ बराचसा हातचा जातो. म्हणून तटाबाहेर, भरतीच्या रेषेच्या जरा वर जागा शोधावी असे वाटते. अडचण अशी की या भागात उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते. ओहोटीला पाणी दूर गेल्यावर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचे माप) किती सरकतो, आणि दीड-दोन मीटर उंचीवर ताणलेले दोन-दोन रेडियल (अँटेनाच्या पायथ्यापासून पसरलेल्या तारा) दोन्ही वेळी पुरे पडतात का, हे प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे. दुर्ग संरक्षित स्मारक असल्यामुळे तटात किंवा खडकात एकही खुंटी ठोकायची नाही, हे आम्ही पक्के केले आहे. ताणदोरे वाळूच्या पोत्यांना किंवा समुद्राच्या पाण्याने भरलेल्या कॅनना बांधायचे आहेत. दहा मीटरच्या फायबरग्लास काठीला खाऱ्या वाऱ्यात प्रत्येक दोरीमागे किती वजन पुरेसे ठरते?

याच्याशी जोडलेला प्रश्न दोन केंद्रांच्या आपसातील त्रासाचा. ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२ होते, म्हणजे ४० मीटरवर कोणी बोलू लागला की त्याची दुसरी हार्मोनिक (दुप्पट वारंवारतेची नको असलेली लहर) थेट २० मीटरवाल्याच्या कानात जाते. बेट लहान असल्याने अंतर वाढवून सुटका करून घेण्यालाही मर्यादा आहे. बँडपास फिल्टर (हवा तोच बँड पुढे जाऊ देणारे) आम्ही नेणारच आहोत. त्याशिवाय ४० मीटरच्या ट्रान्सीव्हरमागे (प्रसारण आणि ग्रहण दोन्ही करणाऱ्या संचामागे) सुमारे ७ मीटर लांबीचा, टोकाला शॉर्ट केलेला कोअॅक्स केबलचा तुकडा टी-जोडणीने लावायचा विचार आहे; ७ मेगाहर्ट्झला तो पाव तरंगलांबीचा असल्यामुळे तेथे अडथळा करत नाही आणि १४ ला मात्र शॉर्ट ठरतो. फिल्टर आणि हा तुकडा मिळून शंभर वॉटला पुरेसे होते का, की दोन्ही केंद्रे आळीपाळीनेच चालवावी लागतात?

विजेच्या बाबतीत माझे मत जनरेटरच्या विरोधात आहे. पेट्रोलचे कॅन घेऊन होडीतून जाणे आणि वारशाच्या जागी रात्रभर इंजिन धडधडत ठेवणे, दोन्ही मला पटत नाही. शंभर वॉटचा ट्रान्सीव्हर पूर्ण शक्तीला सुमारे २० अँपिअर ओढतो. एफटी८ (संगणकाच्या मदतीने चालणारी डिजिटल पद्धत) मध्ये निम्मा वेळ प्रसारण धरले, तर सरासरी ११ अँपिअर पडते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नऊ तासांत संपते. त्यामुळे रात्री मोर्स आणि बोलणे यांवर भर देऊन एफटी८ केवळ दिवसा, सौर पॅनेलच्या आधाराने चालवावे असा बेत आहे.

होडीचे गणित मात्र मला अजून सुटलेले नाही. सामान उतरवायला पाण्याची चढ-उतार कमी असावी, म्हणून आम्ही अष्टमीच्या आसपासचा, भांगाचा शनिवार धरला आहे. तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब लावला, तर अष्टमीला सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि दुपारी ओहोटी असते. दुसऱ्या दिवशी हीच भरती पावणेसातला. रविवारी याच भरतीला निघायचे, तर मांडामांड पहाटेच आवरावी लागेल, आणि ४० मीटरवर दूरचे संपर्क मिळण्याची सर्वांत चांगली वेळ तर सूर्योदयाच्या आगेमागेच असते. भांगाच्या दिवशी अर्ध्या ओहोटीलाही भरलेली होडी खांदेरीच्या धक्क्याला लागू शकते का, हे थळ-वरसोलीच्या दर्यावर्दींनी सांगितले तर फार मोठी मदत होईल. ते म्हणतील तोच शब्द आम्ही अंतिम मानू.

परवानग्यांसाठी राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आणि मुंबई पोर्टकडे अर्ज करण्याचे ठरले आहे. रात्रीच्या मुक्कामाची लेखी परवानगी पूर्वी कोणाला मिळाली असल्यास अर्जात कोणत्या बाबी नमूद केल्या होत्या, ते कळवावे. परवान्यावरचा पत्ता घरचा असताना तात्पुरत्या ठिकाणाहून केंद्र चालवण्यासाठी, तसेच एटी किंवा एयूने सुरू होणाऱ्या विशेष कॉल साइनसाठी (केंद्राच्या ओळखनावासाठी), दूरसंचार विभागाच्या, बिनतारी परवाने देणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेकडे किती आधी अर्ज करावा, हाही प्रश्न आहे.

सुरक्षिततेसाठी अलिबागला एक सहकारी दोन मीटरच्या हँडसेटवर चोवीस तास ऐकत राहील आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांजवळ असेल. डिसेंबर २००४ मध्ये हॅम भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानला गेलेले पथक त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरहून निरोप पोहोचवू शकले, कारण त्यांची यंत्रणा हाताशी आणि चालू स्थितीत होती. म्हणून एक बॅटरी आणि एक साधी डायपोल (तारेची) अँटेना आम्ही फक्त अडचणीच्या प्रसंगासाठी वेगळी ठेवणार आहोत.

तिथी पक्की करायची असल्यामुळे धक्क्याबद्दलचे आणि मुक्कामाच्या परवानगीबद्दलचे उत्तर सर्वांत आधी मिळाले तर बरे होईल. अँटेनाचा आराखडा त्यानंतर बदलता येईल.