मदत हवी आहे: विमानातलं जुनं काट्यांचं मीटर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात विमानतळाजवळ सोनेगावला राहते, नववीला विज्ञान शिकवते. डोक्यावरून विमान गेलं की वर्गाचं लक्ष खिडकीबाहेर! मागच्या आठवड्यात ब्लॅक बॉक्सचा विषय निघाला. तो नारिंगी असतो, पाण्यात पडला तर ३७.५ किलोहर्ट्झवर संकेत देतो, त्यातला डेटा रेकॉर्डर उड्डाणाची किमान २५ तासांची नोंद ठेवतो, एवढं सांगितलं.

मग एका मुलीने विचारलं, "मॅडम, रेकॉर्डरच जळाला तर?" फार आवडला मला हा प्रश्न. अशा वेळी तपासणारे कॉकपिटमधली मीटरं आणि दिवे बघतात. विमान आदळताना मीटरचा काटा तबकडीवर आपटतो, त्याच्या रंगाचा बारीक ठसा उमटतो आणि तो अतिनील प्रकाशात दिसू शकतो. धोक्याचा दिवा पेटलेला असेल तर त्यातली तापलेली तार धक्क्याने ताणली जाते, थंड तार तटकन तुटते. हे मुलांना प्रत्यक्ष दाखवायचं आहे.

वायुसेनानगरातून निवृत्त झालेलं किंवा मिहानमध्ये विमानदुरुस्तीत असलेलं कुणी आहे का इथे? बाद झालेलं अल्टिमीटर (उंची दाखवणारं मीटर) तासभरासाठी मिळालं तरी चालेल. शिवाय, आताच्या पडदेवाल्या कॉकपिटमध्ये काटेच नसतात. मग तपासणारे कोणत्या यंत्राची मेमरी वाचतात? जाणकारांनी कृपया सोप्या भाषेत सांगा.