छत्र्या भंगारात घाला म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

छत्रीवाला_पारोळा
काल इथे एका भाऊंनी टाकलं होतं, "घरोघरी फायबर आलं, टीव्ही पण आयपीवर आला, तरी गावोगावचे केबलवाले छतावर सहा-सहा छत्र्या मिरवताय. घाला म्हणावं भंगारात, सॅटेलाइटचा जमाना गेला." खाली धडाधड लाइक. मी वाचून सोडून दिलं होतं, पण रात्री झोपच येईना म्हणून लिहितोय.

भाऊ, तुमच्या फायबरमधलं चॅनल फायबरमध्येच उगवतं का? चॅनलवाला ते आधी वर सोडतो, छत्तीस हजार किलोमीटरवर, तिथून ते कोणाच्या तरी छत्रीत पडतं, रिसीव्हर ते उलगडतो, मग त्याचं आयपी होतं, म्हणजे इंटरनेटसारखा डेटा, आणि मग तुमच्या घरातल्या त्या लुकलुकणाऱ्या डब्यात येतं. छत्री कुठेतरी असतेच. वाद एवढाच की ती मुंबईत पाहिजे का पारोळ्यात.

आता माझं सांगतो. १४०० कनेक्शन, सगळं फायबरवर नेलं, कर्ज काढून. सुरुवातीला मी पण शहाणपणा केला आणि मोठ्या पार्टीकडून तयार फीड लाइनवरून घेतलं. तीनशे चॅनल, एसडीला दोन एमबी आणि एचडीला सात धरा, साडेआठशे एमबीपीएस होतं, ते पण रात्रंदिवस, कोणी बघो नाहीतर नको बघो. त्यात हायवेचं चौपदरीकरण. एरंडोलच्या अलीकडे जेसीबीवाल्याने बकेट मारली आणि अकरा तास गाव अंधारात, नेमकी त्या दिवशी मॅच. दोनशे फोन आले, एक आजोबा तर काठी घेऊन ऑफिसला आले, मॅचसाठी नाही, त्यांची सिरियल होती.

मग मी तोच गठ्ठा आकाशातून घ्यायला लागलो. एका जागी सगळे चॅनल गोळा करून, कॉम्प्रेस करून, कुलूप लावून वर पाठवतात, मी खाली एका छत्रीत घेतो आणि माझ्या रॅकमधून मल्टिकास्ट करतो, म्हणजे एकच प्रवाह सगळ्या गावाला. २००९ ला सरकारने हिट्सचं, म्हणजे असा गठ्ठा उपग्रहावरून केबलवाल्यांना देण्याचं, धोरण काढलं ते छोट्या केबलवाल्यासाठी हाच विचार करून. तेव्हा जेसीबी खोदा म्हणावं, वर कोणाची बकेट पोचत नाही.

फायबर_भुसावळ
ते भाऊ मीच. भाषण छान झालं, आता मुद्द्यावर या. बीएसएनएलने ऑक्टोबर २०२४ ला फायबरवर टीव्ही चालू केला, त्यांनी काय प्रत्येक तालुक्यात छत्री ठोकली का? नाही. एका जागी घ्यायचं आणि सगळीकडे फायबरने न्यायचं, याला म्हणतात सिस्टम. तुमच्याकडे लाइन तुटते कारण तुम्ही एकच लाइन घेता, दुसरी घ्यायला पैसा लागतो आणि तो तुम्हाला सोडवत नाही. आणि पावसाचं काय? जुलैत आमच्या गल्लीत ढग आला की हीरोचे चौकोन व्हायचे, लहानपण त्यातच गेलं.

छत्रीवाला_पारोळा
बीएसएनएलचं स्वतःचं फायबर देशभर आहे. माझं फायबर पारोळा ते तामसवाडी. दुसरी लाइन घेतली होती हो, ती पण त्याच खड्ड्यातून आली होती, हे तुटल्यावर कळलं.

आणि पाऊस कशाला आडवा जातो ते आधी बघा. घरावर ती छोटी डिश असते ना, ती केयू बँडची, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीची, तिला ढगाचं वावडं. हेडएंडची, म्हणजे केबलवाल्याच्या मुख्य केंद्राची, मोठी छत्री सी बँडची, खालच्या फ्रिक्वेन्सीची, तिला पाऊस फारसा टोचत नाही. तुमचे चौकोन पावसाने झाले असतील तर तुमच्याकडे डिश होती, केबल नव्हती. केबल असेल तर केबलवाल्याचा कनेक्टर गंजला असेल.

फायबर_भुसावळ
सी बँडचं कौतुक मला नको. ५जी ला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ दिलंय, तुमची छत्री ३७०० पासून वर ऐकते. शेजारच्या गच्चीवर टॉवर बसला की तुमचा एलएनबी, छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा डबा, बहिरा. खोटं असेल तर सांगा.

छत्रीवाला_पारोळा
खोटं नाही. माझ्या समोरच्या बिल्डिंगवर टॉवर लागला आणि तिसऱ्या दिवशी निम्मे चॅनल फुटायला लागले. आठ दिवस मी एलएनबी बदलत बसलो, वर चढून तोंडाशी बघितलं तर आत गांधीलमाशीचं पोळं, म्हटलं हेच कारण. पोळं काढलं, एक डोळा सुजवून घेतला, चॅनल तसेच फुटके. शेवटी फीड हॉर्न (छत्रीच्या तोंडाचं नळकांडं) आणि एलएनबीच्या मधे टॉवरचा सिग्नल अडवणारा बँडपास फिल्टर बसवला, लोखंडी विटेसारखा असतो, तेव्हा चित्र बसलं. त्रास झाला, मान्य. पण इलाज गच्चीवर होता, माझ्या हातात होता. तुमची लाइन तुटली की इलाज कस्टमर केअरच्या हातात असतो आणि ती बाई म्हणते आपका कॉल हमारे लिये महत्वपूर्ण है.

धडगावकर
तुमचं भांडण वाचून हसू येतं. सातपुड्यात या एकदा. आमच्या पाड्यावर फायबर नाही, केबल नाही, मोबाइलला रेंज पाहिजे तर टेकडीवर चढायचं. फ्री डिशची छत्री तेवढी कुडाच्या घरावर आहे, महिन्याला रुपया नाही. छत्री भंगारात घाला म्हणणाऱ्याने आधी आमच्या सासऱ्यांना सांगून बघा.

फायबर_भुसावळ
@धडगावकर दादा तुमचं वेगळं, मी शहरातलं बोलत होतो. बरं छत्रीवाले, एक सांगा, फायबरनेच देता तर नेटवर ॲप बघितलं काय आणि तुमचं आयपी टीव्ही बघितलं काय, फरक काय?

छत्रीवाला_पारोळा
दवंडी आणि फोन, एवढा फरक. ॲपवर पाचशे घरं मॅच बघताय तर पाचशे वेगळे प्रवाह, म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन लावून स्कोअर सांगायचा. मल्टिकास्टमध्ये गल्लीपर्यंत एकच प्रवाह येतो, दवंडीसारखा, ज्याने ते चॅनल लावलं त्याच्या डब्यापर्यंतच पुढे जातो. म्हणून फायनलला ॲपवाले गोल गोल फिरत बसतात आणि माझे लोक ओरडतात. आणि ॲपवाला अर्धा मिनिट मागे असतो, शेजारी विकेट पडल्याचा आरडाओरडा झाला तरी याच्याकडे बॉलर रनअपच घेतोय.

फायबर_भुसावळ
मल्टिकास्टचं ठीक आहे. बाकीचं नाही.

आखाजीचा_झोका
मला टेक्निकल कळत नाही पण एक विचारते. आधी आमच्या अमळनेरला केबलवर लोकल चॅनल होतं. कानबाईची मिरवणूक दाखवायचे, आखाजीला गाणी, अहिराणी कॉमेडी, बाजारभाव. तयार गठ्ठा आकाशातून यायला लागला आणि ते बंद पडलं. आता तीनशे चॅनल आहेत, त्यात आमनी अहिराणी एकात पण नही. हाई कसाले म्हनतस प्रगती?

सावदेकर_केळीवाला
ताई बाजारभावाचं शंभर टक्के. आम्ही रावेरचा केळीचा भाव सकाळी त्या चॅनलवर बघूनच माल काढायचो, आता व्हॉट्सॲपवर पाच ग्रुपला पाच भाव, व्यापाऱ्याला पाहिजे तो. पण "आमनी अहिराणी" काय? सगळ्या खानदेशाची भाषा अहिराणी नाही. यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली आहे, तावडी आहे. ते चॅनल जळगावला पण यायचं आणि चोवीस तास अहिराणी, आमच्या म्हातारीला निम्मं कळायचं नाही.

आखाजीचा_झोका
निम्मं तरी कळायचं ना? आता शून्य कळतं.

सावदेकर_केळीवाला
मुद्दा तो नाही. तुम्ही धुळे-अमळनेरवाले खानदेश म्हटलं की अहिराणी चिटकवता. बहिणाबाई आसोद्याच्या, त्यांना पण अहिराणीत नेऊन बसवता. मले बी माहा चॅनल पाहिजे मंग.

जामनेर_एक्स्प्रेस
झालं सुरू. आता वरणबट्टी कोणाची आणि भरीत कोणाचं यावर या.

सावदेकर_केळीवाला
भरीत बामणोदच्या वांग्याचं, त्यात चर्चा नाही.

आखाजीचा_झोका
चर्चा कशी नाही? भाषेवर बोलायला सुचलं नाही म्हणून वांगी काढली. आमची भाषा तुम्हाला गावंढळ वाटते, सरळ म्हणा ना. मी शाळेत अहिराणी बोलले म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते चॅनल लागायचं तेव्हा आई म्हणायची देख, टीव्हीवर बी बोलतंस. तुम्हाला नाही कळायचं.

सावदेकर_केळीवाला
ताई मी गावंढळ म्हटलंच नाही. आम्हाला पण मले-तुले म्हटलं की पुण्यात हसतात. तुमच्या शाळेचं वाचून वाईट वाटलं, पण बहिणाबाई आमच्याच.

छत्रीवाला_पारोळा
अरे माझा धागा केळीच्या बागेत कुठे घुसवला. लोकल चॅनल सॅटेलाइटने मारलं नाही. गठ्ठा वरून आला तरी मल्टिकास्ट माझ्या रॅकमध्ये होतं, तिथे एक एन्कोडर, कॅमेऱ्याचं चित्र आयपीत बदलणारा डबा, जोडला की तीनशे एकावं चॅनल आपलं. २०२२ पासून एमएसओला, म्हणजे गल्लीच्या ऑपरेटरांना सिग्नल देणाऱ्या मोठ्या केबलवाल्याला, अशा चॅनलची नोंदणी हजार रुपयात आहे, एकूण चॅनलच्या पाच टक्क्यांपर्यंत. अहिराणीला एक, लेव्याला एक, वांग्याला एक.

फायबर_भुसावळ
हे एमएसओला. तुम्ही एमएसओ का नुसते गल्लीचे ऑपरेटर? आणि लोकल बातम्या द्यायच्या तर कंपनी पाहिजे, प्रोप्रायटरशिपवर चालत नाही. अर्धं सांगून लोकांना झोक्यावर बसवू नका.

छत्रीवाला_पारोळा
नोंदणी आहे माझी. कंपनी नाही, म्हणून बातम्या नाही. मिरवणूक, गाणी आणि केळीचा भाव दाखवता येईल. भाव ही बातमी आहे का ते विचारावं लागेल.

आखाजीचा_झोका
मग दाखवत का नाही? एन्कोडर काय लाखाचा येतो?

छत्रीवाला_पारोळा
एन्कोडर स्वस्त आहे ताई, माणूस महाग. कॅमेरा धरणारा पोरगा सुरतला गेला. आणि १ फेब्रुवारी २०१९ ला नवा टॅरिफ आला, नेटवर्क फी १३० अधिक जीएसटी, १५३ रुपये ४० पैसे, वर चॅनलचे वेगळे. लोकांना वाटलं मीच वाढवले. चारशे कनेक्शन त्या वर्षात तुटले, त्यात तो पोरगा पण तुटला.

फायबर_भुसावळ
हे मात्र खरं, माझ्या वडिलांनी पण तेव्हाच केबल काढली. बरं शेवटचं विचारतो, सहा छत्र्या आहेत ना तुमच्याकडे, गठ्ठा तर एकाच छत्रीत येतो म्हणता, बाकी पाचचं काय करता? पापड वाळवता?

छत्रीवाला_पारोळा
आधी एक चॅनल ८३ अंशावरच्या उपग्रहावर, दुसरं ९३.५ वर, तिसरं ६८.५ वर, म्हणून सहा होत्या. आता एक चालू, एक राखीव.

फायबर_भुसावळ
आणि चार?

छत्रीवाला_पारोळा
विकल्या.

फायबर_भुसावळ
कोणाला?

छत्रीवाला_पारोळा
भंगारवाल्याला. हसू नका.

जामनेर_एक्स्प्रेस
😂😂😂 एवढा मोठा निबंध आणि शेवटी छत्र्या भंगारातच.

छत्रीवाला_पारोळा
चार विकल्या, दोन ठेवल्या, तुम्ही सहाच्या सहा घाला म्हणत होते. आणि माझे कोणी ग्राहक इथे असतील तर सांगून ठेवतो, ऑक्टोबर लागला की काही दिवस दुपारी बाराच्या सुमारास पाच-दहा मिनिटं चित्र जाईल, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा. त्याला फिल्टर नाही. फोन करू नका.

धडगावकर
आमच्याकडे पण जातं का तेव्हा?

छत्रीवाला_पारोळा
जातं दादा, फ्री डिशचं पण. सासऱ्यांना सांगून ठेवा.