मदत हवी आहे: कुंभारीण माशी आणि क्रायसोपा किडा, दोघांनाही बागेत कसं टिकवू?

नमस्कार मंडळी. परसात भेंडी आणि वांगी लावली आहेत. भेंडीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आलाय, आणि पानांमागे केसासारख्या बारीक देठांवर टेकलेली अंडी दिसतायत, म्हणजे क्रायसोपा आलाय. त्याची अळी विळ्यासारख्या जबड्यांत मावा धरते आणि त्याचा रस शोषून घेते. मोठेपणी मात्र हाच किडा बहुतेकदा मध, पराग आणि माव्याच्या चिकट स्रावावर जगतो.

कुंभारणीचं काम वेगळं. खिडकीच्या चौकटीवर तिने मडक्यासारखं मातीचं घर केलंय. हिरव्या अळ्यांना डंख मारून बधिर करते, आत कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. काल आणलेली अळी अजून वळवळत होती! पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून ती अळीला मारत नाही. स्वतः मात्र फुलांतला मध पिते. घरचे म्हणतात घर पाडून टाक. मला ते अजिबात करायचं नाही.

माव्यावर निंबोळी अर्क मारला तर क्रायसोपाच्या अळ्यांना त्रास होईल का, की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यावर भागेल? लिंपलेलं मातीचं घर न फोडता दुसरीकडे हलवता येतं का? आणि वांग्यात शिरलेली शेंडेअळी कुंभारणीच्या हाती लागते का? अनुभव असेल तर कृपया सांगा.