मोलस्कम (विषाणूमुळे कातडीवर येणाऱ्या पुळ्या): घरी काय लावलंत, काय उपयोग झाला?

निळी_शाई: पुतणीच्या काखेजवळ मोत्यासारख्या चकचकीत पुळ्या दिसल्या, प्रत्येकीच्या मधोमध बारीक खळगा. बघताक्षणी ओळखल्या. लेकीला झाल्या होत्या तेव्हा पार वर्ष उलटून गेलं जायला. वहिनी 'रात्रीत गायब' छापाचे उपाय शोधत बसली आहे. तुम्ही काय केलंत ते लिहा, तिला दाखवते.

पावसाळी_छत्री: टॉवेल वेगळे करा आधी! आमच्याकडे दोघंही एका टबात, एका पंचाने अंग पुसायची. ते बंद केल्यावर नव्या येणं थांबलं. तेलंबिलं नंतर.

आळशी_मांजर: व्हिनेगर नको प्लीज. जावेने बोळा रात्रभर चिकटवला होता लेकाच्या पोटावर. सकाळी पुळी जागच्या जागी आणि भोवती लालभडक चट्टा. डॉक्टर म्हणाले, कातडी भाजलीय. लसूण ठेचून बांधतात त्याचंही तेच होतं.

उशिरा_उठणारा: चामखिळीचं विचारताय का? मी डक्ट टेप लावली होती. चामखीळ आहे, पायावरचे केस गेले.

पावसाळी_छत्री: 😂😂

निळी_शाई: नाही हो दादा, चामखिळीचा विषाणू वेगळा. हा देवी रोगाच्या विषाणूच्या कुळातला.

गोगलगाय: देवी???? आमच्या धाकट्याला आहे हे!!

निळी_शाई: अगं घाबरू नकोस. देवी १९८० सालीच जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. हा नात्यातला असला तरी निरुपद्रवी, कातडीच्या वरच्या थरातच राहतो. गेला की अंगात लपूनही बसत नाही. पुन्हा कुणाकडून लागला तर मात्र परत होऊ शकतो.

तिसरा_मजला: टी ट्री तेलाचं कुणी लिहिलं नाही अजून? लहान मुलांवरच्या एका छोट्या अभ्यासात तेल आणि आयोडीन एकत्र लावलं तेव्हा चांगला फरक पडला होता, नुसत्या तेलाने फारसा नाही. आम्ही नुसतंच पातळ करून लावलं. लेकीला पुरळ उठलं, बंद केलं. पुळ्या नंतर आपल्या आपण गेल्या, श्रेय सासूबाईंच्या खोबरेल तेलाला मिळालं.

आळशी_मांजर: घरात मांजर असेल तर ते तेल नकोच. मांजरांना विषारी असतं, आणि मुलांनी प्यायलं तरी धोक्याचं.

तिसरा_मजला: अय्या, हे माहीत नव्हतं. तुमचं मांजर कुठल्या रंगाचं?

आळशी_मांजर: काळंपांढरं. आत्ता कीबोर्डवरच बसलंय.

कोरा_कागद: मोठ्यांनाही होतं बरं का. मला मानेवर झालं आणि दाढी करताना पसरलं. ब्लेड फिरेल तिथे नवी पुळी. दाढी वाढवली, बायको वैतागली, पण पसरणं थांबलं.

गोगलगाय: आमच्या पाळणाघराने घरी पाठवलंय 😡 पुळ्या जाईपर्यंत आणू नका म्हणे! म्हणजे वर्षभर सुट्टी घेऊ का मी?

पावसाळी_छत्री: त्यासाठी घरी ठेवायची गरज नसते. कपड्याखाली झाकल्या, उघड्या असतील तिथे पट्टी लावली की झालं. डॉक्टरांची चिठ्ठी ने. आणि नखं काप! खाजवलं की तोच हात दुसरीकडे लागतो.

मावशी_ऑनलाइन: कुकर लावलाय, पटकन लिहिते. जायच्या सुमारास पुळ्या लाल होऊन सुजतात. नातवाच्या सुजल्या तेव्हा लेक रडवेली झाली. डॉक्टर म्हणाले, शरीराला आत्ता कुठे शत्रूचा पत्ता लागलाय, बहुतेक आता जातील. खरंच गेल्या. पण लाली पसरत चालली, पू किंवा ताप आला तर लगेच दाखवायचं. पापणीवर असेल, एक्झिमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर घरचे प्रयोग नकोतच.

उशिरा_उठणारा: फोडून आतलं पांढरं काढलं तर?

मावशी_ऑनलाइन: अजिबात नको रे बाळा! त्या पांढऱ्यातच विषाणू असतो. आणि व्रण राहतो तो वेगळाच.

निळी_शाई: वहिनीला सगळं वाचून दाखवलं. व्हिनेगरची बाटली परत कपाटात गेली. आता विचारतेय, आंघोळीची खेळणी टाकायची का?

पावसाळी_छत्री: टाकायची कशाला? धुऊन वाळव म्हणावं. स्पंज मात्र टाका.

गोगलगाय: मावशी, कुकर किती शिट्ट्या झाल्या?

मावशी_ऑनलाइन: अगो बाई!