गोव्याहून नागपूरला ससा न्यायचाय, विमानाने नेता येतो का?

प्राची_डिचोली

नमस्कार. आम्ही डिचोलीला राहतो, मिस्टरांची बदली नागपूरला झालीये आणि मेच्या शेवटी घर हलवायचंय. सामान ट्रकने जाईल, आम्ही दोघं आणि मुलगी मोपाहून विमानाने जाणार असं जवळजवळ ठरलंय, अडलंय ते चिकूवर. चिकू म्हणजे आमचा ससा, वजन पावणेदोन किलो, घरभर मोकळा फिरतो, पिंजऱ्याची सवय अजिबात नाही. हेल्पलाइनवर फोन केला तर एक जण म्हणाला चालतो, दुसऱ्या दिवशी दुसरीने सांगितलं चालत नाही, कार्गोत पाठवा. मिस्टर म्हणतात फ्लाइट दीड-दोन तासांची, तेवढ्या वेळात काय होतंय, पण मला धीर होत नाहीये. जाऊबाई म्हणतात झोपेचं औषध देऊन उपाशीपोटी न्या म्हणजे त्रास नको. कोणी ससा विमानाने नेलाय का? खरं काय ते सांगा, मुलगी रोज विचारते चिकू येणार ना म्हणून.

मनीषा_फोंडा

प्राची, मी फोंड्याला व्हेटच्या क्लिनिकमध्ये काम करते आणि घरी पण ससे आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

आधी नियमाचं. इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही. आकासा घेते, पण फक्त कुत्रा आणि मांजर. एअर इंडियाच्या यादीत कुत्रा, मांजर आणि घरात पाळलेले पक्षी आहेत, ससा नाही. तेव्हा केबिनमध्ये सीटखाली ठेवून न्यायचा रस्ता बंदच धर, आणि कोणी फोनवर हो म्हटलं तरी ईमेलवर लेखी घेतल्याशिवाय तिकीट काढू नको, कारण शेवटी काउंटरवरचा माणूस ठरवतो. राहतं ते कार्गो. कार्गोला मी स्पष्ट नाही म्हणेन, का ते ऐक.

ससा दिवसभर थोडं थोडं चरणारा प्राणी आहे, त्याचं आतडं चालू राहतं ते सतत पोटात जाणाऱ्या गवताच्या जोरावर. घाबरला की खाणं थांबतं, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आत गॅस धरतो, आणि सशाला उलटी करता येत नाही त्यामुळे तो गॅस, ते अन्न सगळं तिथेच राहतं, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. १०-१२ तास खाणं नाही आणि लेंड्या नाहीत म्हणजे सशासाठी इमर्जन्सी, उद्या बघू असं चालतच नाही. आता मिस्टरांना हिशोब करायला सांग. डिचोलीहून मोपा, कार्गोत काही तास आधी जमा करायचं, मग वाट बघणं, चढवणं, उड्डाण, उतरवणं, नागपूरला कागदपत्रं होऊन हातात मिळणं. दीड तासाच्या फ्लाइटसाठी निम्मा दिवस तो अनोळखी लोकांच्या हातात, आणि त्याने एक काडी तरी खाल्ली का हे बघायला कोणी नाही.

दुसरं म्हणजे उष्णता. सशाला घाम येत नाही, अंगातली गरमी तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो, ३० डिग्रीच्या पुढे त्याला जड जायला लागतं. जिवंत प्राणी ठेवतात तो होल्ड, म्हणजे विमानाच्या पोटातली सामानाची जागा, प्रेशराइज्ड असतो आणि तापमानही राखतात हे खरंय, पण विमान आणि कार्गो शेड यांच्या मधे ट्रॉलीवर जो वेळ जातो तो उघड्या काँक्रीटवर जातो. मेमधली नागपूरची दुपार डोळ्यापुढे आण.

झोपेचं औषध अजिबात देऊ नको. त्याने ब्लड प्रेशर खाली येतं, शरीर आपलं तापमान नीट सांभाळू शकत नाही आणि आतडं आणखी मंद होतं. आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम आहेत त्यातही गुंगी देऊन पाठवू नका असाच सल्ला आहे. आणि उपाशी तर बिलकुल नाही. कुत्र्याला प्रवासात उलटी होते म्हणून कमी खायला देतात, तो नियम सशाला लावायचा नाही, ऑपरेशनच्या आधीसुद्धा सशाला उपाशी ठेवत नाहीत.

आल्त_पर्वरीकार

मी माझी मांजर कार्गोने दिल्लीला पाठवली होती, काही झालं नाही, सुखरूप पोचली. उगाच घाबरवू नका हो त्यांना. चांगला एजंट बघा, तो क्रेटपासून सगळं करतो.

मनीषा_फोंडा

दादा, मांजर पोचली हे चांगलंच झालं, पण मांजर शिकार करणारी आणि ससा शिकार होणारा. त्याच होल्डमध्ये शेजारच्या क्रेटमधे कुत्रा भुंकत असेल तर मांजर फिसकारेल, ससा जागच्या जागी थिजतो आणि नुसत्या भीतीने दगावूही शकतो. शिवाय घाबरून क्रेटमधे जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडून घेतो, त्यांची हाडं फार नाजूक असतात. २०१७ साली लंडनहून शिकागोला विमानाने पाठवलेला सायमन नावाचा ससा पोचल्यावर विमानतळावरच मेला, जगभर बातमी झाली होती, तो तर मोठ्या जातीचा धडधाकट ससा होता. सगळेच मरतात असं मी म्हणत नाही. आपल्या डोळ्यासमोर राहील असा दुसरा रस्ता हाताशी असताना हा का घ्यायचा, एवढंच म्हणणं आहे.

प्राची_डिचोली

मनीषाताई, मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवलं, ते गप्पच झाले. विमान रद्द. मग ट्रेन की गाडी? गाडी आहे आमच्याकडे, एसी चांगला चालतो, पण हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे.

थिवीचा_रेलवेडा

ट्रेनचं मी सांगतो. फर्स्ट एसीमध्ये पाळीव प्राणी नेता येतो, अट अशी की पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्याच लोकांची पाहिजे. कूपे दोघांचा, केबिन चौघांची. तुम्ही तिघं म्हणजे पंचाईत, चौथा माणूस घरचाच सोबत असला तर उत्तम, नाहीतर तुम्ही आणि मुलगी कूपेत आणि मिस्टर वेगळे. कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं, आधी अर्ज देऊन ठेवायचा. प्राण्याचं बुकिंग पार्सल ऑफिसमध्ये वजन करून होतं, तिथे व्हेटचं सर्टिफिकेट लागतं. गार्डच्या डब्यातल्या पेटीत प्राणी ठेवायची पण सोय असते, ती घेऊ नका, तिथे एसी नाही. डिचोलीहून तुम्हाला थिवी जवळ, कोकणकन्या संध्याकाळी निघते पहाटे सीएसएमटी, मग दिवसभर मुंबईत कुणाकडे तरी सशाला विश्रांती आणि संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसने सकाळी नागपूर. दोन्ही प्रवास रात्रीचे म्हणजे ऊन नाही. पण जूनच्या मध्यापासून कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल लागतं, गाड्या हळू चालतात, ते लक्षात ठेवा.

अश्विनी_नागपूर

मी नागपूरची, माझ्याकडे दोन ससे आहेत. ताई तुम्ही मेच्या शेवटी येऊच नका हो, तेव्हा नवतपा राहते, ४५ च्या वर पारा जाते, रात्री अकरा वाजता पण भिंती गरम लागतात. गोव्याचा ससा एकदम त्या उन्हात आणला तर काय होईल. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटी, तर मुलीच्या शाळेचं पण अडणार नाही. मिस्टरांना पुढे येऊ द्या, घर लावू द्या, आणि तुम्ही एक-दोन पाऊस पडल्यावर या. आमच्याकडे कूलर लावतात, कोरड्या हवेत छान काम करते, पण पाऊस आला की हवा दमट होते आणि कूलरचा उपयोग राहत नाही, म्हणून चिकूच्या खोलीत एसीच बसवून घ्या. गाडीने येत असाल तर सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत बुटीबोरीला निघता येते, रस्ता चांगला आहे. ते शक्तिपीठ महामार्गाचं काही लोक सांगतील, पत्रादेवीपर्यंत, त्याच्या भरवशावर राहू नका, तो व्हायचा आहे अजून.

मनीषा_फोंडा

अश्विनीशी मी शंभर टक्के सहमत, तारीख पुढे ढकलणं हाच खरा उपाय. आणि माझं मत गाडीला, कारण गाडी तुम्ही हवी तेव्हा थांबवू शकता. डिचोलीहून साखळी, केरी करत चोर्ला घाट तुम्हाला सरळ पडतो, फक्त पावसात तिथे धुकं फार असतं तेव्हा घाट उजेडातच चढा, आणि रात्री सोलापूरला मुक्काम.

तयारी आजपासून सुरू कर. कडक प्लास्टिकचं कॅरिअर घे, ज्याला वरून पण दार आहे असं, पुढून ओढून काढताना ससा पाय रोवतो आणि इजा होते. ते आजच हॉलमध्ये दार काढून ठेव, आत त्याचा रोजचा टॉवेल, न धुतलेला, म्हणजे त्याचा स्वतःचा वास राहील, आणि गवत आतच घालत जा. थोड्या दिवसांत तो आपणहून आत जाऊन बसेल. मग झाकण लावून गाडीत म्हापशापर्यंत चक्कर, परत आल्यावर लगेच खातो का ते बघ.

प्रवासात गवत मुठी मुठीने घाल, रिकामं राहू देऊ नको. पाण्याची बाटली लावली तरी बरेच ससे प्रवासात पीत नाहीत, म्हणून कोथिंबीर, पुदिना धुऊन ओलाच द्यायचा, तेवढंच पाणी पोटात जातं. थांबलात की टॉवेल उचलून लेंड्या बघ. गोल, मोठ्या, कोरड्या असतील तर सगळं ठीक. बारीक, वेड्यावाकड्या झाल्या किंवा पडायच्याच बंद झाल्या, ससा पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला आणि दात करकर वाजवायला लागला तर ते दुखण्याचं लक्षण, सरळ जवळचा व्हेट गाठायचा. तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर एक मिनिट थांबायचं नाही, ससा एरवी फक्त नाकाने श्वास घेतो.

गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून कॅरिअरच्या एका बाजूला ठेव, त्याला नको असेल तर लांब सरकता आलं पाहिजे. एसीचा झोत थेट अंगावर नको. आणि चहाला उतरताना गाडी बंद करून त्याला आत ठेवून कोणीही जायचं नाही, पाच मिनिटं सुद्धा नाही.

जोझे_कांदोळी

मध्येच विचारतो माफ करा. आमचं पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेला जायचं चाललंय, स्विंडनला बहीण आहे. मुलाचा ससा आहे. त्याचं काय होईल?

मनीषा_फोंडा

जोझे, भारतातून यूकेला ससा नेला तर ४ महिने क्वारंटाइन आहे. कुत्र्या-मांजराला रेबीजची लस, रक्ततपासणी करून सुटका होते तसं सशाला नाही. चार महिने अनोळखी जागी, वर खर्च तुमचाच. मुलाला वाईट वाटेल ते मला कळतं, पण सशाचा विचार केला तर इथेच ओळखीचं, ससा सांभाळता येणारं घर शोधा, आणि जाण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे मुलाला तिथे जाऊन त्याला रमलेला बघता येईल. शोधायला मी मदत करेन.

प्राची_डिचोली

ठरलं. मिस्टर मेमध्ये एकटे जातील, मी, मुलगी आणि माझा भाऊ चिकूला घेऊन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गाडीने. कॅरिअर उद्याच आणते. वाटेत चेकपोस्टला कोणी अडवलं तर? आणि औषधांचं काय काय सोबत ठेवू? देव बरें करूं सगळ्यांचें.

मनीषा_फोंडा

निघायच्या दोन-चार दिवस आधी व्हेटकडून तब्येतीचं सर्टिफिकेट घे, त्यावर पाळीव ससा असं स्पष्ट, रंग, वजन आणि तुझं नाव लिहून घे. रानातला ससा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, म्हणून एखादा विचारू शकतो, कागद असला की प्रश्न मिटतो. सशाला आपल्याकडे रेबीजची लस लागत नाही.

औषधं व्हेट वजनावरून लिहून देईल तीच, मनाने काही नाही. कुठल्याही अनोळखी व्हेटकडे जायची वेळ आली तर दोन गोष्टी आठवणीने सांग, तोंडाने अमोक्सिसिलीन हे अँटिबायोटिक द्यायचं नाही आणि अंगावर फिप्रोनिलचं गोचिडाचं औषध टाकायचं नाही, कुत्र्याला चालतात, सशाचा जीव घेऊ शकतात. भरवायला सुईशिवायची सिरिंज आणि त्याच्या रोजच्या पेलेट्स (सशाचं दाणेदार खाद्य) ठेव, पाण्यात भिजवून पातळ करून देता येतात. गवत इथूनच भरपूर ने, हवाबंद डब्यात, जूनच्या ओलाव्यात बुरशी धरते. नागपूरला पोचल्यावर पहिले काही दिवस तेच जुनं गवत, नवीन हळूहळू मिसळायचं.

अश्विनी_नागपूर

सोलापूर सोडलं की इथे लिहा ताई. नागपुरात सशांना नीट तपासणाऱ्या व्हेटचा पत्ता मी मेसेज करते, घर कोणत्या भागात घेताय ते सांगा म्हणजे जवळचा बघते.